रक्तपेढीतली घेणारी

अकोल्यातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी तीस वर्षं तंत्रज्ञ होते. हजारो माणसांच्या दंडाला पट्टा बांधला, "मूठ आवळा, सोडा, आवळा" म्हटलं, घाबरलेल्यांना हसवलं, चक्कर आलेल्यांचे पाय वर धरले आणि उठल्यावर त्यांच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. स्वतः मात्र एकदाही रक्त दिलं नाही. घेतलं भरपूर. मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर मधुमेही माणूस बसावा तसं माझं होतं. फरक इतकाच की तो गिऱ्हाइकांशी त्याबद्दल खोटं बोलत नाही.

निवृत्तीनंतर अनुभव लिहा असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात सेवाभाव वगैरे असणार. सेवाभावावर मी माइकवरून पुष्कळ बोलले आहे. आज जरा दुसरं सांगते.

सुरुवात अमरावतीला झाली. तिथे मी लॅबचा कोर्स करत होते. रक्तस्राव किती वेळात थांबतो हे मोजायची एक जुनी रीत आम्हाला शिकवत. कानाच्या पाळीला बारीक टोचायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने टिपकागद लावायचा. कागदावर थेंबांची ओळ उमटते, थेंब लहान लहान होत जातात आणि चार-पाच मिनिटांत ओळ संपते. मुलींनी एकमेकींच्या कानावर सराव करायचा होता. माझ्या वाट्याला रेखा आली. तिने टोचलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कागद भरला, दुसरा घेतला. सर आले आणि रेखावर ओरडले, "कान टोचायला सांगितला होता, कापायला नाही!" दुसऱ्या कानावर पुन्हा करायला लावलं. तिथेही तेच. उरलेलं प्रात्यक्षिक मी दोन्ही कानांना कापूस लावून, माहेरी आलेल्या बाळंतिणीसारखी बसून ऐकलं. रेखाला त्या प्रयोगात सगळ्यात कमी गुण मिळाले. माझ्या रक्तापायी बळी गेलेली ती पहिली व्यक्ती. ती अजून मला माफ करत नाही.

पुढे नागपूरला तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं. कुठल्याशा परदेशी डॉक्टरचं ते नाव आहे आणि आजही मला ते एका दमात म्हणता येत नाही. साधं सांगायचं तर असं: जखम झाली की रक्तातल्या बारीक पेशी तिथे धावतात आणि एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. चिकटायला डिंकासारखा एक पदार्थ लागतो. तो माझ्या रक्तात जन्मापासून कमी. म्हणून लहानपणी नाकाचा घोळाणा फुटला की थांबायचा नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत मी शाळा बुडवायची. आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाहेर कोनाले सांगू नको माय. पोरीच्या जातीले असं काही चिकटलं का निंघत नाई."

माझ्या रक्तात नेमकं चिकटणंच कमी होतं, पण हे आईला समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी तिचं ऐकलं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं इमानेइतबारे ऐकत राहिले.

आता धंद्याचं थोडं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं रक्त म्हणजे लाल, आणि पिशवी म्हणजे एक. तसं नसतं. दात्याची पिशवी आली की आम्ही ती यंत्रात गरगर फिरवतो. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळं पाणी राहतं. ते वेगळं काढून गोठवायचं. त्या पिवळ्या पाण्यातूनही पुन्हा हळूहळू, थंडीतच, एक पांढरट साका वेगळा काढता येतो. पिशवीत जेमतेम दोन चमचे भरेल इतका. त्यातच तो डिंक असतो. माझ्यासारखीला लाल पिशवीपेक्षा त्या दोन चमच्यांची गरज जास्त. तो साका बर्फापेक्षाही कितीतरी थंड पेटीत ठेवतात आणि लागला की कोमट पाण्यात सोडतात. वितळला की तोही पिवळाच दिसतो, आणि काही तासांत रुग्णाच्या अंगात गेला पाहिजे. परत गोठवता येत नाही, ठेवता येत नाही. फेकावा लागतो.

या पिवळ्या पिशव्यांमुळे आमच्यावर फार संशय यायचा. बाळापूरकडचे एक आजोबा नातवासाठी पिशवी न्यायला आले होते. मी पिवळी पिशवी पुढे केली तर त्यांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि मला म्हणाले, "बाई, आमच्या पोरानं सकाळी लाल देल्लं. थे तुमी ठेवून घेतलं आन मले हे फोडनीचं तेल देऊन राहिल्या." मी त्यांना पाऊण तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. पन थोडं तरी लाल टाका त्याच्यात."

अशा ठिकाणी नोकरी करताना स्वतःचं लपवणं सोपं असेल असं वाटत नाही, पण होतं. रक्तपेढीत सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच्या रक्ताकडे असतं. मला स्वतःला पिशव्या लागल्या की मी अमरावतीच्या एका खासगी डॉक्टरांकडे जाऊन घेत असे. रजेच्या अर्जावर लिहायची, "अमरावतीची मावशी आजारी." मला अमरावतीत मावशी नाही. माझ्या आईला बहीणच नव्हती. पण त्या मावशीला आमच्या कार्यालयाने इतकी वर्षं जपलं की एकदा आमचे मोठे साहेब म्हणाले, "वानखडे मॅडम, एकदा घेऊन या त्यांना, आपण सगळ्या तपासण्या करून टाकू." त्यानंतर काही महिने मी मावशीला ठणठणीत ठेवलं आणि स्वतः नाकात कापसाचे बोळे घालून ड्यूटी केली.

नवऱ्यालाही लग्नाआधी सांगितलं नव्हतं. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. बाळंतपणात अमरावतीला रक्त थांबेना तेव्हा त्याला डॉक्टरांकडून कळलं. त्याने धावपळ करून दाते गोळा केले, पिशव्या आणल्या, मला आणि लेकीला घरी आणलं. दोन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पुढच्या वेळी निदान दाढ काढायच्या आधी तरी सांगशील ना?" मी रडले. तो म्हणाला, "डोयातलं पानी तरी थांबते ना तुहं, का त्यालेबी पिशवी लागते?" असा माणूस मिळाला हे माझं नशीब. माझं कर्तृत्व त्यात काही नाही.

आता शिबिरांकडे येते, कारण माझी खरी लाज तिथे आहे.

रक्तदान शिबिरात पहिला दाता खाटेवर यायला फार वेळ लागतो. मंडपात पन्नास तरुण उभे असतात आणि सगळे एकमेकांना पुढे ढकलत असतात. मग कोणीतरी हमखास विचारतो, "मॅडम, तुमी कितीखेप देल्लं?" पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी गडबडले आणि म्हणून गेले, "चार वेळा." ताबडतोब तीन जण खाटेवर चढले. मला वाटलं, एका शब्दाने तीन पिशव्या मिळत असतील तर हा शब्द काही वाईट नाही. मग मी तो वापरायला लागले. आकडा हळूहळू वाढत गेला. पण धंद्याचं इमान इतकं, की बायकांनी दोन रक्तदानांत चार महिन्यांचं अंतर ठेवायचं असतं तो नियम मी खोटं बोलतानाही पाळला. वर्षाला तीनच्या वर कधी गेले नाही. तिवस्यात सांगितलेला आकडा तेल्हाऱ्यात सांगितलेल्याशी जुळावा म्हणून डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत होते.

आणि तेल्हाऱ्यालाच फसले. तिथल्या मंडळाचं शिबिर दर वर्षी असायचं. सूत्रसंचालनाला एक गुरुजी होते, त्यांचं डोकं हिशेबात पक्कं. त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "मॅडमनं मागच्या साली बावीस सांगतले होते. सालाचे तीन धरले तं यंदा पंचवीस झाले! टाळ्या!" मला मंचावर बोलावलं. शाल आली, नारळ आला. गुरुजी म्हणाले, "यांच्या धमन्यांतून नुसती माणुसकी वाहून राहिली." माझ्या धमन्यांतून काय वाहत होतं ते मला ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी अमरावतीच्या दवाखान्यात पडून मी सहा पिशव्या घेतल्या होत्या, आणि त्या सकाळीही नाकातून रक्त आलं म्हणून पर्समध्ये ते थांबवायच्या गोळ्यांची पट्टी होती. मला नाही म्हणता आलं असतं. माइक समोरच होता. मी शाल नीट पांघरली, नमस्कार केला आणि पाच मिनिटं भाषणही केलं. रक्तदानाला भ्यायचं नसतं, असं काहीतरी. घरी आल्यावर नवऱ्याने शाल पाहिली, फोटो पाहिला आणि विचारलं, "आन घेतलेल्या पिशव्यांचा सत्कार कधी आहे? मी हार घेऊन येतो."

मी हसले. दुसऱ्या दिवशी शाल कपाटात घातली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

दोन-तीन वर्षांनी, एका दुपारी, वॉर्डातून मागणीचिठ्ठी आली. अश्विनी, वय एकवीस, गाव तेल्हाऱ्याजवळ. पाळीचा रक्तस्राव अठरा दिवस थांबलेला नाही, हिमोग्लोबिन चारवर आलेलं. आजार माझाच. चिठ्ठीवरचं ते नाव मी दोनदा वाचलं. डॉक्टरांनी दोन लाल पिशव्या आणि साक्याच्या सहा मागितल्या होत्या.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या आजारावर तयार इंजेक्शनही असतं. आमच्याकडे अशा रुग्णांची एक नोंदवही होती आणि वहीत जितकी नावं तितक्याच माणसांपुरतं औषध सरकारकडे मागता येत असे. आमच्या वहीत या आजाराची नावं तीन. तिघांपुरतं आलेलं औषध संपलं होतं. बाकीचे कुठे होते? बाकीचे माझ्यासारखे होते, कोणत्या ना कोणत्या मावशीकडे गेलेले. आमच्या थंड पेटीत साक्याच्या बरोबर सहा पिशव्या होत्या. नंतर पुन्हा तयार व्हायला दोन-तीन दिवस लागणार. मी सहाही कोमट पाण्यात सोडल्या.

त्या वितळल्या आणि वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, "मॅडम, पोरीचा बाप पिवळ्या पिशव्या लावू देत नाही. लाल लावू दिली. घरी नेतो म्हणतोय. तुम्ही येऊन समजवा, तुमचं ऐकतात लोक."

पिशव्या घेऊन मी वर गेले. अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडली होती, ओठ चादरीसारखे पांढरे. खाटेजवळ तिचे वडील, दिगंबरराव, उभे होते. तेल्हाऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात डिस्चार्जचा कोरा कागद. मला पाहून त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

"मॅडम, तुमी! तुमचा सत्कार झाला थ्या दिवशी म्या मंडपात होतो. तुमचं भाषन आयकूनच पयल्यांदा रगत देल्लं म्या."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी घाईने मुद्द्यावर आले. म्हटलं, लाल पिशवीने अंगात रक्त भरेल, पण या पिवळ्याशिवाय गळती थांबणार नाही. टाकीचा नळ उघडा ठेवून वरून पाणी भरण्यात अर्थ नाही.

"थे समजते मले," ते हळू आवाजात म्हणाले. "पन लाल घेतलं तं अशक्तपना होता असं सांगता येते. अशक्तपना सगळ्याच पोरीईले असते. या पिवळ्याच्या कागदावर बिमारीचं नाव आहे. तिवस्याचे पाहुने पाहून गेले मॅडम. आज-उद्या होकार येते. तिची माय फोनपाशी बसून आहे. हे नाव कुठं निंघालं तं संपलं सगळं."

"होकार येईपर्यंत ही जगायला पाहिजे, भाऊ."

त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज चढला. "तुमाले बोलनं सोपं आहे! तुमी देनारे मानसं. देनाऱ्याले शाल भेटते. घेनाऱ्याची गत काय असते, थे तुमाले काय समजते?"

तीस वर्षांत मला कोणी इतकं चूक आणि इतकं बरोबर बोललं नव्हतं. त्या माणसाच्या डोक्यात देणाऱ्यांची एक जात आणि घेणाऱ्यांची दुसरी, ही गोष्ट मीच माइकवरून पक्की केली होती. आता त्यात त्याची पोर अडकली होती. पिशव्या वितळून तास होत आला होता. मला फार भीती वाटली. तिची तर वाटलीच, पण खरं सांगते, स्वतःचीही वाटली. सिस्टर शेजारी उभी होती. एक वाक्य बोललं की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीत फिरणार.

"मी देणारी नाही," मी म्हटलं. "मला हाच आजार आहे. मी एकदाही रक्त दिलेलं नाही. घेतलेल्या पिशव्यांचा हिशेब आता लागत नाही. पंचवीसचा आकडा माझ्याच खोट्यातून आला होता."

सिस्टरने हातातला ट्रे खाटेवर ठेवला. दिगंबरराव म्हणाले, "अन् थ्या गुरुजीनं तं टाळ्या वाजवाले लावल्या आमाले!" त्यांना माझ्या आजारापेक्षा त्या फुकट गेलेल्या टाळ्यांचाच धक्का जास्त बसला असावा.

तेवढ्यात अश्विनीने तोंड फिरवलं. आवाज अगदी क्षीण होता.

"तुमचं लग्न झालं?"

"झालं."

"त्याईले सांगतलं होतं?"

मी खोटं बोलले असते तर गोष्ट चटकन सुटली असती. 'हो, सांगितलं होतं, तरी केलं' असं म्हणायचं, बाप खूश, पोर खूश. माझ्या जिभेला सवयही होती. पण ती पोर माझ्याकडे असं पाहत होती की जमलं नाही.

"नाही. बाळंतपणात कळलं. मरता मरता वाचले."

"इथं नोकरीत?"

"नाही सांगितलं. आत्ता सांगते आहे."

"म्हंजे तुमीबी लपवलंच," ती म्हणाली. "मंग माह्या बाबाले काहून बोलून राहिल्या?"

तीस वर्षांत मी लोकांना हजार उत्तरं दिली असतील, सुई दुखत नाही, अशक्तपणा येत नाही, लाल आम्ही ठेवून घेत नाही. हिला सांगण्यासारखं एकही नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले आणि जे मनात आलं ते बोलून टाकलं. तुझ्यासाठी आज इंजेक्शन नाही, कारण वहीत तीनच नावं आहेत. माझं असतं तर चौघांपुरतं आलं असतं. माझं नाव नाही, म्हणून आज तुला औषध कमी पडलं. हे माझ्यामुळे झालं, पोरी.

बोलताना मला रडू आलं.

"कुठं आहे थे वही?" अश्विनीने विचारलं.

"खाली. पेढीत."

"आना. पयले तुमचं लिहा. मंग सुई लावा मले."

मी दिगंबररावांकडे पाहिलं. हातातला कोरा कागद त्यांनी दुमडला, आणखी दुमडला.

मी खाली गेले, वही घेतली. आमचे साहेब म्हणाले, "वर कशाला नेताय?" मी म्हटलं, "नावं घालायची आहेत, दोन." जिने चढताना धाप लागली. खाटेच्या कडेवर वही ठेवून तीन नावांखाली चार आकडा घातला आणि पुढे लिहिलं, 'सौ. वानखडे'. आजार लिहिला. कधीपासून या रकान्यात 'जन्मापासून' लिहिलं. मग पाच आकडा घातला आणि थांबले. बाप हो म्हणेपर्यंत मला पुढे लिहवेना.

दिगंबरराव माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होते. वजनकाट्यावरचा माणूस, आकडे आणि अक्षरं बारीक बघायची सवय. माझ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय? असं अर्धं?" ते म्हणाले. "वानखडे तं अर्धा अकोला आहे. कोन ओळखनार?"

मग त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि अश्विनीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमच्या पोरीचं पुरं लिहा, मॅडम. बापाच्या नावासकट. गावबी लिहा."

मी तिचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या बापाचं, गावाचं. सिस्टरने पहिली पिवळी पिशवी टांगली. ती ठिबकायला लागल्यावर मी एक ओळ वर गेले आणि वानखड्यांच्या आधी, दाटीवाटीने, माझं स्वतःचं नाव घातलं.